मुंबईची शेअरबाजी आणि १ जुलै १८६५: बाजार फुगण्या-फुटण्याचा इतिहास नेमका वाचायचा कसा?

बोरीबंदर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली दोनेक वर्षं फावल्या वेळात एकच नाद लागलाय, बाजार फुगतो कसा आणि फुटतो कसा ते वाचायचं. सुरुवात सगळे करतात तिथूनच केली. हॉलंडची ट्युलिपच्या कंदांची तेजी १६३७, लंडनची साऊथ सी कंपनी १७२०, मग १९२९ची वॉल स्ट्रीट. तिथला डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ला ३८१, ८ जुलै १९३२ला ४१, आणि परत ३८१ दिसायला १९५४ उजाडलं, हे सगळं पाठ झालं. पण नुसतं पाठच झालं. भाव वर गेला, भाव खाली आला, लोकांना हाव सुटली होती, संपली गोष्ट. एवढंच कळणार असेल तर त्यासाठी पुस्तकं कशाला पाहिजेत.

मग ठरवलं की एकच प्रसंग घ्यायचा, आपल्या जवळचा, आणि त्याच्याच मागे लागायचं. मी घेतला १८६१ ते १८६५चा मुंबईचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (थोडक्यात जमणार नाही बहुतेक, सांभाळून घ्या).

एप्रिल १८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या ज्या कापसावर चालायच्या तो कापूस यायचा बंद झाला. आता कापूस कुठून आणायचा तर हिंदुस्थानातून, आणि तो जायचा मुंबईहून. जो सुरती कापूस इंग्लंडमधे हलका म्हणून नाक मुरडून घेतला जायचा त्याला चौपट-पाचपट भाव मिळायला लागला. जुन्या गाद्या उसवून त्यातला कापूस गाठी बांधून बोटीवर चढवला अशा गोष्टी सांगतात. आणि भेसळ इतकी वाढली, सरकी काय, माती काय, पाणी मारून वजन वाढवणं काय, की १८६३ला सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. नेहमीच्या भावाने जेवढे मिळाले असते त्याच्यावर जवळपास ८ कोटी पौंड जास्तीचे या चार-पाच वर्षांत मुंबईत आले असा अंदाज त्या काळापासून दिला जातो.

इथपर्यंत फुगा बिगा काही नाही हे लक्षात घ्या. गिऱ्हाईक खरं होतं, माल खरा होता, पैसा खरा होता. चांदीच्या रूपात बोटीतून उतरत होता.

गंमत पुढे आहे. हा पैसा ठेवायचा कुठे? बंगालची नीळ नको, जमीन किती घेणार, मग बँका निघाल्या. बँकांनी पैसा कुणाला द्यायचा, तर नव्या कंपन्यांना. कंपन्यांनी काय करायचं, तर समुद्र बुजवायचा, जहाजं घ्यायची, कापूस दाबायचे प्रेस घालायचे. १ जानेवारी १८६५ला मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन (कर्जाऊ पैसा पुरवणाऱ्या कंपन्या), ८ जमीन कंपन्या, १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या आणि वर ६२ इतर जॉइंट स्टॉक कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यातलं जवळपास काही नव्हतं. दलाल ६० होते ते २००-२५० झाले. सगळ्यात गाजलेली समुद्र बुजवणारी बॅक बे रिक्लेमेशन कंपनी, शेअरमागे ५,००० भरलेले आणि भाव ५०,०००च्या घरात. अजून एक वीटसुद्धा समुद्रात पडली नव्हती म्हटलं तरी चालेल.

मग ९ एप्रिल १८६५, दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईत पोचली आणि कापूस गडगडला. मे महिन्यात बैरामजी होरमसजी कामा यांचं ३ कोटींच्या वर देणं असताना दिवाळं वाजलं. आणि १ जुलैला मुदतीच्या सौद्यांचा, म्हणजे वायद्यांचा निकाल लावायचा दिवस होता. त्या दिवशी कोणीच कोणाला पैसे देऊ शकलं नाही. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५०ला गेला होता तो ८७ला विकायची वेळ आली.

आता माझा मुद्दा. हे वाचताना माझी एक चूक होत होती, मी शेवट माहीत असताना वाचत होतो. १८६५ला बुडणार हे मला माहीत, म्हणून १८६३चा प्रत्येक माणूस मूर्ख दिसायचा. मग मी एक वही केली. एका पानाला एक महिना. त्या पानावर फक्त त्या महिन्यापर्यंत मुंबईतल्या माणसाला कळलेलंच लिहायचं, पुढचं काही नाही. आणि शेजारी दुसरा रकाना, कोणी कोणाला कशाच्या तारणावर उसने दिले. भावाचा रकाना ठेवलाच नाही.

असं केल्यावर सगळं चित्र पालटलं. ऑगस्ट १८६३च्या पानावर बसून बघा, युद्ध किती वर्षं चालेल कोणाला ठाऊक? गेटिसबर्गची लढाई दक्षिण हरलीय, पण दक्षिण अजून उभी आहे. कापूस विकून तुमच्या हातात रोख आहे. सरकारची भागीदारी असलेली बँक शेअरच्या तारणावर कर्ज देतेय. तुम्ही काय कराल? मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं आणि उत्तर आलं की मी पण घेतले असते.

तुम्ही कोणी असा अभ्यास करता का? कशापासून सुरू करता? कागद कुठले बघता? मनापासून जाणून घ्यायचंय.

---

मंजिरी_क

फार सुंदर धागा, वाचनखूण साठवली. महिन्याच्या पानाची कल्पना खूपच आवडली.

एक जोड देते. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' हे पुस्तक छापलं गेलं १८६३ला, म्हणजे तुमच्या त्या ऑगस्टच्या पानाच्या आसपास, आणि माडगांवकर गेले १८६५ला. शेवट माहीत नसलेल्या माणसाने पाहिलेली मुंबई वाचायची असेल तर मराठीत यापेक्षा जवळचं काय मिळणार. 'इंदुप्रकाश' हे वृत्तपत्रसुद्धा १८६२ला सुरू झालं. म्हणजे नशिबाने आपल्या भाषेतले साक्षीदार बरोब्बर त्याच वेळी हजर आहेत आणि आपण मात्र इंग्रजी पुस्तकांतून हे वाचतो.

अजून एक, राणीच्या बागेतलं म्युझियम बघितलंय ना सगळ्यांनी? आता डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे त्याला. त्याचा पाया १८६२चा आणि ते लोकांना खुलं झालं १८७२ला. मधे काम रखडलं कारण वर्गणीचा पैसाच आटला, देणारेच बुडाले. आणि खुद्द भाऊ दाजींनापण या शेअरबाजीत जबर फटका बसला. एवढा विद्वान माणूस, डॉक्टर, शिलालेख वाचणारा. लोभी लोक बुडतात असं कोणी म्हणालं की मला ते आठवतात.

---

पक्या_ठाणे

मस्त लिहिलंय दादा. पण सरळ विचारतो राग नको, याचा मला उपयोग काय? मी शेअरबाजारात ऑप्शन्सचे (वायद्यासारखेच मुदतीचे) सौदे करतो, दोन वर्षं झाली. हा इतिहास वाचून पुढचा क्रॅश कधी ते कळेल का?

---

बोरीबंदर

पक्या, राग कसला. नाही कळणार. तारीख कोणालाच सांगता येत नाही आणि जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा. १८६४च्या शरद ऋतूतच तहाच्या अफवा येऊन भाव एकदा घसरले होते, तेव्हा जे म्हणाले संपलं ते काही महिने चुकीचे ठरले आणि मग बरोबर ठरले.

पण तू वायद्यात आहेस म्हणून एक सांगतो. मुंबई १ जुलैलाच का फुटली? कापूस तर आधीच पडला होता. कारण तोपर्यंत सगळे सौदे कागदावर होते, अमुक भावाने अमुक शेअर १ जुलैला घेईन. शेअर घ्यायला पैसा जवळ नव्हता आणि देणाऱ्याकडे शेअरपण नव्हता, फक्त फरक घ्यायचा-द्यायचा. वरचा फरक सगळ्यांनी मनातल्या मनात खर्चून टाकला होता. आणि बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचाच २०२४चा अभ्यास आहे, तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समधे उतरलेल्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. तू त्या सातांत असशील तर आनंदच आहे, पण आपली बेरीज वही घेऊन एकदा कर रे.

---

लेजर_वही

मी बँकेतून निवृत्त झालोय, ३४ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची बारा कर्ज विभागात. धागाकर्त्याने कर्जाचा रकाना ठेवला आणि भावाचा काढला ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा तुमच्याकडे १,०००चा शेअर आहे. बँक त्यावर ८०० देते. त्या ८००चे तुम्ही परत शेअरच घेता. मागणी वाढली म्हणून भाव वाढला, शेअर १,५००चा झाला. आता बँकेच्या वहीत तुमचं तारण भक्कम दिसतं, म्हणून ती अजून ४०० देते. त्याचेही शेअर. इथे प्रत्येक कारकून नियमाने चालतोय, प्रत्येक कर्जाला पुरेसं तारण आहे, आणि तरी सगळी इमारत हवेत आहे कारण तारणाची किंमत कर्जामुळेच वाढलीय. उलटं फिरलं की तसंच फिरतं. भाव पडला, बँक म्हणते पैसे भरा नाहीतर विकतो, विकल्याने भाव अजून पडतो.

बँक ऑफ बॉम्बे १८४०ची. जुन्या सनदेत शेअरच्या तारणावर उधार द्यायला बंधनं होती. १८६३च्या नव्या कायद्यात ती बंधनं निघाली. शिवाय १८६१च्या कायद्याने नोटा छापायचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता, म्हणजे कमाईचं एक साधन गेलं होतं आणि नव्या धंद्याची ओढ होतीच. कोणी गुन्हेगार मनाने हे केलं असं दिसत नाही. एक कलम निघालं आणि दार उघडलं. पुढे बँक बुडाली, १८६८ला चौकशी आयोग बसला आणि त्याच वर्षी नव्या नावाने नवी बँक काढावी लागली. तीच नवी बँक १९२१ला इंपीरियल बँकेत आणि १९५५ला स्टेट बँकेत गेली. आपण ज्या बँकेत पेन्शन घेतो तिच्या घराण्यात हे घडलेलं आहे.

आम्हाला ट्रेनिंगमधे हे कोणी शिकवलं नाही. तारणाचं मार्जिन किती ठेवायचं ते शिकवलं, पण का ठेवायचं ते नाही.

---

वऱ्हाडकर

माह्या गावाकडचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मुंबईत जो कापूस आला तो काही चर्नी रोडला पिकत नव्हता न भाऊ. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाले 'उमरास' म्हणत, अमरावतीच्या नावावरून. हिंगणघाटचा कापूस वेगळा, त्याले मान वेगळा. आणि नागपूरले रेल्वे पोचली १८६७ला, म्हणजे तेजी संपल्यावर. तेजीच्या काळात हा माल बैलगाड्यांनी घाटारस्त्यानं जाय. रस्त्यात पाऊस आला का गाठ भिजे, धूळ बसे, आणि वरून तिकडचा गोरा म्हणे भेसळ केली.

त्या दिवसांत शेतकऱ्यायनं गाडीच्या चाकाले लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या असं सांगतात. इंग्रज अधिकाऱ्यायनं पण ही गोष्ट लिहून ठेवली हाय. खरं खोटं देव जाणे, पण मले त्या गोष्टीत एक दिसते, पैसा आला पण ठेवायची जागाच नव्हती. मुंबईवाल्याले बॅक बे होता, आमच्या आज्याच्या आज्याले चाक होतं. चांदी तरी मोडता आली असंल, बॅक बेचा कागद काय मोडणार.

पण सावकारानं त्या भावावर उधार देल्लं ते? ते राहिलं न. भाव उतरला, उधारी उतरली नाही. आजही कापसाचा भाव पडला का आमच्याकडं तेच होते. म्हणून माह्यासाठी हा इतिहास शेअरचा नाही, उधारीचा हाय.

---

अनघा_सोलापूर

वऱ्हाडकर दादा +१००. याच्यापुढची पायरी म्हणजे १८७५चे दख्खनचे दंगे. १२ मे १८७५ला सुप्याला, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दारात गेले आणि कर्जखतं, रोखे, वह्या जाळल्या. माणसं मारायला फारसं कोणी गेलं नाही, कागद मागितले आणि कागद जाळले. मग आयोग बसला आणि १८७९ला शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. शाळेत आपण हे कापसाची तेजी, मग मंदी, मग कर्ज, मग दंगे अशा एका दमात शिकतो.

---

जुनाट_कागद

अनघाताई, थोडी दुरुस्ती, चूक काढायची म्हणून नव्हे. एका दमातली साखळी इतकी सरळ नाही. पुणे-नगरच्या ज्या कोरड्या पट्ट्यात दंगे झाले तिथे कापूस फारसा नव्हताच, ज्वारी-बाजरीचा मुलूख तो. तिथे तेजी पोचली ती वळसा घालून. एक म्हणजे धान्याचे भाव चढले. दुसरं, रेल्वेची कामं, बोरघाटाचा मार्ग १८६३ला खुला झाला, मजुरी रोख मिळत होती. तिसरं, सावकाराच्या हातात पैसा खेळत होता म्हणून उधारी सढळ होती. मग एकाच वेळी भाव उतरले, कामं संपली, आणि त्यात १८६७पासून इंदापूरपासून सुरुवात करून सरकारने शेतसारा वाढवला, तो वाढवताना आधार कुठला धरला तर तेजीतल्या भावांचा!! हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. शिवाय १८५९च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी खत नवं करून घ्यायची पद्धत पडली होती, त्यात व्याज मुदलात जाऊन बसायचं.

म्हणजे फुगा फुटला मुंबईत, पण ज्याच्या जमिनीसाठी तेजीचा भाव हाच कायमचा भाव असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं तो माणूस दहा वर्षांनी सुप्याला भरडला गेला. त्याने आयुष्यात शेअर पाहिला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच की या विषयात सोपी साखळी दिसली की थांबायचं आणि मधली एक एक कडी बोटाने चाचपायची. ट्युलिपचंही तेच झालंय. सगळं हॉलंड देशोधडीला लागलं असं पिढ्यान्‌पिढ्या छापलं गेलं, आणि अलीकडच्या संशोधकांनी दप्तरं उघडून बघितलं तर तसं देशव्यापी दिवाळं सापडत नाही, मूठभर व्यापाऱ्यांचे वाद सापडतात.

---

अनघा_सोलापूर

बरं झालं सांगितलंत, मी गेली पंधरा वर्षं आठवीला हीच सरळ साखळी शिकवत आलेय. शेतसाऱ्याचा मुद्दा यंदा मुलांना नक्की सांगणार. आमच्याकडे बऱ्याच मुलांच्या घरी कर्ज आहे, त्यांना तो लगेच कळेल.

---

सुहास_न्यूजर्सी

उशिरा आलो, वेळेचा फरक. मला मूळ शब्दावरच आक्षेप आहे. फुगा फुगा म्हणतो आपण पण कापूस चौपट झाला तो खऱ्या टंचाईमुळे. मग फुगा कशाला म्हणायचं आणि न्याय्य तेजी कशाला? फुटल्यावर नाव देणं सोपं आहे. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ला ३८,९१५ होता आणि तो आकडा परत दिसला फेब्रुवारी २०२४ला, चौतीस वर्षांनी. अमेरिकेच्या नॅस्डॅकला मार्च २०००चा आकडा परत गाठायला २०१५ उजाडलं. पण त्याच डॉट कॉममधून आलेल्या काही कंपन्या आज जगातल्या सगळ्यात मोठ्या आहेत, म्हणजे इंटरनेटबद्दल लोकांचं मत बरोबरच होतं, चुकला तो भाव आणि वेळ.

दुसरं, १८६५ वेगळं वाचू नका. १० मे १८६६ला लंडनमधे ओव्हरेंड गर्नी ही बडी पेढी बंद पडली, जूनमधे आग्रा अँड मास्टरमन्स बँक थांबली, आणि त्याच वर्षी मुंबईशी जोडलेली एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनही गेली. १ जुलैला जे वाचले त्यातले कित्येक दुसऱ्या लाटेत गेले. तुमच्या वहीची पानं १८६६पर्यंत न्या.

---

बोरीबंदर

सुहास, १८६६चा मुद्दा शंभर टक्के मान्य, माझी वही १८६५च्या डिसेंबरला थांबली होती, ती पुढे नेतो.

शब्दाबद्दल मी असा विचार करतो. कापसाचा भाव फुगा नव्हता. बॅक बेची जमीनसुद्धा मूळ कल्पना म्हणून वेडेपणा नव्हती, मुंबईला जागा पाहिजेच होती, कंपनी बुडाल्यावर जी पट्टी बुजवली गेली तिच्यावरूनच पुढे पश्चिमेची रेल्वे धावली, आपण रोज जातो. वेडेपणा होता तो मुदतीत. युद्धाची टंचाई ही चार वर्षांची गोष्ट, तिच्यातून आलेल्या पैशावर चाळीस वर्षांच्या कामाची किंमत एका दुपारी ठरवली, आणि ती किंमत तारण धरून उद्याच्या तारखेचं कर्ज काढलं. म्हणून मी भाव बघत नाही, तारखा बघतो. कर्ज कधी फेडायचंय आणि जे बांधतोय त्यातून पैसा कधी येणार. या दोन तारखा लांब गेल्या की मी त्याला फुगा म्हणतो, भाव कितीका असेना.

---

नाना_गिरगाव

मी फक्त वाचणारा आहे, कधी लिहीत नाही. आज लिहितो.

माझे वडील एका छापखान्यात कंपोझिटर होते. १९९२च्या मार्चमधे त्यांनी फंडातून कर्ज काढून शेअर घेतले. चाळीतल्या एकाने, तो कोणा दलालाकडे कामाला होता, त्याने घेऊन दिले. २२ एप्रिलला सेन्सेक्स निर्देशांक ४,४६७, दुसऱ्या दिवशी पेपरात हर्षद मेहताच्या घोटाळ्याची बातमी आली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वर्षभरात निम्म्याच्या आसपास. विकायला गेले तर त्यातले काही सर्टिफिकेट परत आले, सही जुळत नाही म्हणून, त्याला बॅड डिलिव्हरी म्हणायचे. ज्याने दिले तो खोली सोडून गेला होता.

वडील आयुष्यभर स्वतःला लोभी म्हणत राहिले. आम्हाला शिकवताना, जेवताना, कुठेही, मी हाव केली म्हणायचे. मला हा धागा वाचताना एकच वाटलं की त्यांना कोणी हे महिन्याचं पान दाखवलं असतं तर. मार्च ९२च्या पानावर त्यांना काय माहीत होतं? बँका एकमेकींना रोख्यांऐवजी पावत्या देतायत आणि त्या पावत्यांमागे काही नाही, तो पैसा बाजारात येतोय, हे रिझर्व्ह बँकेला नंतर समिती नेमून शोधावं लागलं, ४,००० कोटींच्या आसपास आकडा निघाला. कंपोझिटरला कसं कळणार होतं.

ते कागद माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत अजून.

---

लेजर_वही

नाना, तुमचं वाचून थोडा वेळ लिहिता आलं नाही. मी तेव्हा बँकेत होतो. त्या पावत्यांना आम्ही बीआर, म्हणजे बँकर्स रिसीट, म्हणायचो. रोखे विकले की रोखे द्यायला वेळ लागतो म्हणून तोवरची पावती, इतकी साधी सोय होती ती. आम्हालाही आमच्या खिडकीतून एक कागद दिसत होता, पूर्ण चित्र कोणाच्याच टेबलावर नव्हतं. तुमच्या वडिलांच्या टेबलावर तर नव्हतंच.

ते कागद टाकू नका. कंपन्या मर्ज झालेल्या असतात, नावं बदललेली असतात, कधी कधी न घेतलेला लाभांश सरकारच्या आयईपीएफ फंडात पडलेला असतो, तो वारसांना अर्ज करून मिळतो. व्यक्तिगत निरोप करा, अर्ज भरायला मी बसतो तुमच्याबरोबर.

---

मंजिरी_क

🙏 नाना.

तेजीतले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्यावर कोणीच काही लिहिलं नाही अजून, ते मुद्दाम का?

---

जुनाट_कागद

मुद्दाम असावं, कारण तो विषय निघाला की धागा त्यांच्यावरच जातो. सुरतेचे, १८३१चा जन्म, तेजीत सगळ्या मुंबईच्या दोऱ्या त्यांच्या हातात, ते म्हणतील त्याला बँक कर्ज देत होती. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दोन-दोन लाख त्यांचेच, टॉवरला नाव आईचं. कलकत्ता विद्यापीठाची शिष्यवृत्तीही त्यांच्याच पैशाची. फुटल्यावर ते बुडाले, पुन्हा उभे राहिले, १९०६ला गेले. कोणी त्यांना दाता म्हणतो कोणी खलनायक. मला दोन्हीत रस नाही. एका माणसाच्या शब्दावर बँकेची तिजोरी उघडते ही व्यवस्था कशी तयार झाली, त्याच्यात मला रस आहे. आणि हे चौकशीच्या कागदांत सापडेल, चरित्रांत नाही.

जमशेटजी टाटांचं सांगण्यासारखं आहे. ते १८६४ला लंडनला गेले होते तिथे बँक काढायच्या कामाला, आणि बरोबर नेलेल्या कागदांची किंमतच गेली. वडिलांना घर विकावं लागलं. पुढे अॅबिसिनियाच्या मोहिमेच्या पुरवठ्याच्या कंत्राटात घर सावरलं.

---

पक्या_ठाणे

बोरीबंदर दादा, बेरीज केली. दोन वर्षांची, ब्रोकरेज आणि कर धरून. आकडा इथे लिहीत नाही. महिन्याचं पान पण करायला घेतलंय, मागच्या सप्टेंबरपासून, मला त्या दिवशी काय माहीत होतं तेवढंच लिहायचं. अवघड आहे, सारखं पुढचं आठवतं.

---

बोरीबंदर

पक्या, मलापण महिनाभर जमत नव्हतं. पुढचं आठवलं की पेन खाली ठेवायचं, उठून चहा घ्यायचा, मग परत.

आणि मंडळी, एक आकडा लिहायचा राहिला होता. १८६४च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२. १८७२ला ६,४४,४०५. पावणेदोन लाख माणसं कमी. कापसाच्या वखारीत, बांधकामावर, गोदीत आलेली माणसं, कोकणातली, घाटावरची, गुजरातेतली, ती परत गेली असणार. त्यांच्यासाठी माझ्या वहीत एकही ओळ नाही कारण मला अजून कागदच मिळालेला नाही. कोणी कोकणातल्या घराण्यांची जुनी पत्रं बघितली असतील, त्यात १८६५-६६च्या सुमाराला मुंबईहून माणूस परत आल्याचा उल्लेख असेल तर कृपया कळवा.

मी येत्या शनिवारी काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य पुराभिलेखागारात, जातोय, १८६८च्या चौकशीचे कागद मागायला. मंजिरी, 'इंदुप्रकाश'चे जुने अंक तुम्ही बघाल का? आणि 'रास्त गोफ्तार' गुजरातीत आहे, दलाल आणि पारशी व्यापारी तेच वाचत असणार, पण मला जुनी गुजराती लिपी वाचता येत नाही. वाचता येणारं कोणी आहे का इथे?

---

नाना_गिरगाव

मला येते. छापखान्यात वडिलांनी गुजराती खिळे जुळवायला शिकवले होते. किती वाजता येऊ?